रॅकचा बूट फाटला, आता?

स्टिअरिंग रॅकवरच्या रबरी बुटांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जिथे एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आली होती तिथे एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : सर्व्हिसिंगच्या कागदावर ‘डावा रॅक बूट फाटलेला, बदलावा’ असा शेरा आला. स्टिअरिंग हलके आहे, आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. हे काम पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलले तर चालेल का?

ढकलू नका. फाटलेला बूट स्वतः आवाज करत नाही. आवाज येतो तो त्याच्या आतला जॉइंट झिजल्यावर, आणि तेव्हा ते काम नुसत्या बुटाचे राहिलेले नसते.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक असते. ते रॅक नावाच्या आडव्या दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक बॉल जॉइंट असतो, त्याला गॅरेजमध्ये रॅक एंड म्हणतात. त्यातून निघालेला टाय रॉड चाकाच्या नकलपर्यंत, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या भागापर्यंत जातो. रॅकचे टोक आणि हा जॉइंट दोन्ही झाकणारा, हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी नळा म्हणजे आपला बूट. त्याचे मोठे तोंड रॅकच्या हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) क्लॅम्पने आवळलेले असते आणि लहान तोंड टाय रॉडच्या खाचेत क्लिपने बसवलेले असते.

बूट फाटला की पहिल्यांदा धूळ आत जाते. ग्रीसमध्ये मिसळलेली धूळ म्हणजे घासायची पेस्टच. जॉइंटच्या आतली प्लॅस्टिकची बैठक ती हळूहळू खाते आणि ‘खट-खट’ सुरू होते. पाण्याचे नुकसान याहून मोठे. रॅकचा दांडा तासून गुळगुळीत केलेला असतो. त्यावर गंजाचे खड्डे पडले की तोच दांडा आत-बाहेर करताना हाउसिंगच्या टोकाचे ऑइल सील कापत राहतो. मग बुटाच्या किरकोळ कामाऐवजी अख्खा रॅक उतरवावा लागतो.

बूट नुकताच फाटला असेल, गाडी कोरड्या रस्त्यावरच चालली असेल आणि आतले ग्रीस स्वच्छ दिसत असेल, तर फक्त बूट बदलून भागते. फाटलेल्या बुटाने गाडी पावसापाण्यात, चिखलात फिरली असेल तर आत काय झाले आहे ते उघडून बघितल्याशिवाय कोणीही ‘फक्त बूट’ असे सांगू नये. आत शिरलेली घाण नव्या बुटाने बाहेर निघत नाही, उलट आतच बंद होते.

प्रश्न : बूट तपासायचा कसा? चाकामागे वाकून पाहिले तर मला चांगलाच दिसतो.

गाडी सरळ उभी असताना घड्या मिटलेल्या असतात आणि भेगा नेमक्या त्या घड्यांच्या तळाशी असतात. त्यामुळे नुसते वाकून पाहण्याचा उपयोग नाही.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हातसुद्धा आत घालू नका. आता स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवा. एका बाजूचा बूट ताणला जाईल, दुसऱ्या बाजूचा मिटेल. ताणलेल्या बुटाची प्रत्येक घडी टॉर्च लावून सगळीकडून पाहा. खालची बाजू विशेष पाहा, कारण खडे आणि पाणी तिथेच आपटते. वरचा भाग डोळ्यांना दिसत नाही, तिथे बोट फिरवा. मग स्टिअरिंग उलट टोकाला नेऊन दुसरा बूट तसाच पाहा.

पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा असतील आणि रबर अजून मऊ असेल तर ती म्हातारपणाची सुरुवात आहे. पुढच्या तपासणीपर्यंत थांबता येते. रेष ताणल्यावर उघडत असेल, तिच्या कडेला ग्रीस ओलसर दिसत असेल किंवा रबर कडक होऊन चिमटीत दाबल्यावर करकरत असेल तर बूट गेला. रबर उलट फुगून चिकट, लिबलिबीत झाले असेल तर वरून कुठून तरी इंजिन ऑइल गळते आहे. आधी ती गळती थांबवा, नाहीतर नवा बूटही तसाच होईल.

दोन्ही तोंडांचे क्लॅम्प बघायला विसरू नका. बूट अखंड असूनही मोठे तोंड हाउसिंगच्या खाचेतून निसटलेले असणे, हा प्रकार भरपूर आढळतो. लांबून ते तोंड जागच्या जागी दिसते; अंगठ्याने ढकलले तर सरकते.

आणखी एक घोटाळा टाळा. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टवरही घड्यांचा बूट असतो, तो सीव्ही जॉइंटचा. तो चाकाबरोबर फिरतो, म्हणून फाटला की ग्रीस गोल पट्ट्यात चाकाच्या आतल्या बाजूला उडते. रॅकचा बूट फिरत नाही, फक्त लांब-आखूड होतो. त्यामुळे त्याचे ग्रीस कुठे उडत नाही, आणि म्हणूनच तो फाटल्याचे लवकर कळत नाही.

प्रश्न : बूट दाबला तर आत पातळ तेल डुचमळल्यासारखे वाटते. बूट फाटलेला नाही. हे ग्रीस वितळले आहे का?

नाही. हाइड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर ते स्टिअरिंगचेच ऑइल आहे. रॅकच्या टोकाचे सील गळते आहे आणि ऑइल बुटात साठते आहे. टाकीतली पातळी कमी झाली आहे का पाहा. बूट हे काही ऑइलचे सील नव्हे. नवा बूट घट्ट बसवून गळती ‘थांबवणे’ म्हणजे ती लपवणे. रॅकला नवी सील टाकायची की रॅकच बदलायचा, हे दांड्यावर गंज किंवा ओरखडे आहेत का यावर ठरते. खड्डे पडलेल्या दांड्यावर नवे सील टिकत नाही.

अपवाद जुन्या, बिनपॉवरच्या काही रॅकचा. त्यांत मुळातच गिअर ऑइल भरलेले असे आणि बूटच त्याची टाकी. अशा गाडीचा बूट बदलल्यावर मॅन्युअलमध्ये दिले आहे तेवढे ऑइल मोजून भरावे लागते. बुटातून पातळ तेलाऐवजी पाणी निघाले तर मात्र पुढची सगळी तपासणी करा.

प्रश्न : बूट घरी बदलायचा आहे. हत्यारे आहेत, हातही बसलेला आहे. क्रम आणि खाचाखोचा सविस्तर सांगा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग वर सांगितल्याप्रमाणे गाडी स्टँडवर घ्या आणि चाक काढा. टाय रॉडचे नकलमध्ये बसणारे बाहेरचे टोक म्हणजे टाय रॉड एंड, आणि त्याला रॉडवर घट्ट धरणारा तो लॉक नट. टाय रॉडचे आटे, लॉक नट आणि टाय रॉड एंडचा नट वायर ब्रशने झाडून काढा, गंज सोडवणारे तेल मारा आणि १५-२० मिनिटे थांबा. पुढचा त्रास किती होणार हे बरेचसे या थांबण्यावर ठरते.

आता खूण. लॉक नट ज्या जागी आहे तिथे नट, टाय रॉड आणि टाय रॉड एंड अशा तिन्हींवरून रंगाची एक सलग रेघ ओढा. व्हर्नियर असेल तर टाय रॉडवरच्या बुटाच्या खाचेपासून लॉक नटापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. नुसत्या फेऱ्यांच्या मोजणीवर विसंबू नका, कारण आटा सुटतो ते नेमके वळण मोजताना अर्ध्या फेऱ्याची चूक सहज होते.

अर्ध्या फेऱ्याने काय बिघडते, त्याचा हिशोब करून पाहा. आट्याची पिच (एका फेऱ्यात सरकणारे अंतर) १.५ मिलिमीटर आणि नकलचा स्टिअरिंग आर्म १२० मिलिमीटर धरला, तर एक पूर्ण फेरा चुकल्यावर ते चाक सुमारे ०.७ अंशाने वळते. ४०० मिलिमीटर व्यासाच्या रिमच्या पुढच्या-मागच्या कडेत हा फरक ५ मिलिमीटरचा पडतो. टो-इनची, म्हणजे पुढची चाके पुढच्या कडेला किंचित आत वळलेली असतात त्या मापाची, मुभा बहुधा याच्या पाव भागाच्या आसपासच असते. म्हणजे अर्धा फेरासुद्धा टायर खायला पुरेसा आहे.

टाय रॉड एंड एका पान्याने धरून ठेवा आणि लॉक नट दुसऱ्या पान्याने फक्त पाव फेरा सैल करा. टाय रॉड एंड अजून नकलमध्ये घट्ट आहे तोवरच हे करायचे. नंतर सगळे गरगर फिरते आणि पाना धरायला जागा उरत नाही. काही गाड्यांत एका बाजूचा आटा डावा असतो, तेव्हा जोर लावण्याआधी आट्याची तिरकी दिशा पाहून घ्या.

कॉटर पिन सरळ करून ओढा. कॅसल नट (टाय रॉड एंडच्या स्टडवरचा खाचांचा नट) सोडवा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू द्या. आता पुलर लावून टाय रॉड एंडचा निमुळता स्टड नकलमधून सोडवा. पुलर नसेल आणि नकल लोखंडी असेल तर नकलच्या डोळ्याच्या (स्टड बसतो त्या भोकाच्या) बाजूवर हातोड्याचे दोन नेमके टोले पुरतात. टोला डोळ्यावर मारायचा, स्टडच्या टोकावर नाही. तिथे मारलात तर आटे चेपतात आणि टाय रॉड एंडही बदलावा लागतो. नकल ॲल्युमिनियमचा असेल तर हातोडा बाजूला ठेवा आणि पुलरच वापरा. दुपाखी फोर्क ठोकून काढायची पद्धतही टाळा, तिने टाय रॉड एंडचा छोटा रबरी बूट हमखास फाटतो.

टाय रॉड एंड फेरे मोजत काढा, मागोमाग लॉक नटही. लहान तोंडाची क्लिप पक्कडीने दाबून बाहेर सरकवा. ती स्प्रिंगची असेल आणि सुस्थितीत असेल तर पुन्हा वापरता येते. मोठ्या तोंडाचा क्लॅम्प बहुतेक वेळा चिमटून बसवलेला, एकदाच वापरायचा असतो. त्याचा कान कटरने कापा किंवा पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटा. हाउसिंगच्या खाचेवर ओरखडा पडू देऊ नका, नवा बूट तिथेच बसायचा आहे. रॅक त्या बाजूला पूर्ण बाहेर आणलात तर मोठ्या क्लॅम्पपर्यंत हात पोचायला जागा मिळते.

बूट ओढून काढला की लगेच नवा चढवायची घाई करू नका. जुने ग्रीस बोटांवर घेऊन चोळा. कचकच लागली तर वाळू आहे, तपकिरी दिसले तर गंज, दुधाळ दिसले तर पाणी. सगळे पुसून काढा. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर थेट हाउसिंगच्या तोंडात फवारू नका. ते सीलपर्यंत जाते आणि आतले वंगण धुऊन टाकते. कापडावर घेऊन पुसा. स्टिअरिंग फिरवून रॅकचा दांडा पूर्ण बाहेर आणा आणि बोटाने चाचपा. गुळगुळीत लागला तर पुढे जा. नुसता वरवरचा लालसर डाग पुसून निघतो. खड्डा नखाला अडकतो.

रॅक एंडचा जॉइंटही आत्ताच तपासून घ्या. टाय रॉड आडवा धरून सोडा. चांगला जॉइंट थोडा कडक असतो, सोडलेल्या जागी राहतो किंवा सावकाश खाली येतो. रॉड धपकन पडला किंवा धरून आत-बाहेर ओढल्यावर टिचकीसारखा खेळ जाणवला तर रॅक एंड बदला.

नवा बूट जुन्या बुटाशेजारी धरून मोठे तोंड, लहान तोंड आणि लांबी जुळते का पाहा. टाय रॉडच्या आट्यांवर चिकटपट्टीचे एक-दोन वेढे द्या, नाहीतर बूट सरकवताना आट्यांची धार लहान तोंडाची आतली कड कापते. लहान तोंडाच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि बूट सरकवा. मोठे तोंड मात्र कोरडे ठेवा. तिथे ग्रीस लागले तर क्लॅम्पखालून बूट निसटतो.

क्लॅम्प आवळण्याआधी स्टिअरिंग मध्यावर आणा. बुटाला श्वासाची नळी (दोन बुटांमध्ये हवा नेणारी) असेल तर तिचे तोंड बुटावरच्या भोकासमोर येते ना, ते पाहा. मग मोठ्या तोंडाची कड पूर्ण गोलाकार खाचेत बसली आहे हे बोट फिरवून खात्री करा, विशेषतः मागच्या बाजूला, आणि क्लॅम्प चिमटा. लहान तोंड टाय रॉडच्या खाचेत बसवून क्लिप लावा.

चिकटपट्टी काढा. लॉक नट रंगाच्या खुणेपर्यंत आणा, टाय रॉड एंड मोजलेले फेरे चढवा, लिहून ठेवलेले अंतर पडताळा. निमुळता स्टड आणि त्याचा डोळा दोन्ही कोरडे, स्वच्छ पुसून बसवा. तिथे तेल-ग्रीस नको. कॅसल नट अनेक छोट्या गाड्यांत ३० ते ५० न्यूटन-मीटर आणि लॉक नट ४५ ते ७० न्यूटन-मीटर असतो. पण अखेरचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. पिनेचे भोक जुळले नाही तर कॅसल नट थोडा आणखी आवळून भोक जुळवा, मागे सोडवून कधीच नाही. कॉटर पिन नवी घाला. कॅसल नटाऐवजी नायलॉनचा नट असेल तर तोही नवा.

शेवटी लॉक नट आवळताना टाय रॉड एंड मध्यावर धरा, एका बाजूला कललेला राहू देऊ नका. चाक लावा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार वेळा फिरवा आणि बूट पुन्हा बघा. इंजिन चालू असेल तर हाइड्रॉलिक स्टिअरिंग टोकाला दाबून धरून ठेवू नका. गाडी खाली आल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळा. खुणा कितीही नेमक्या असल्या तरी अलाइनमेंट करून घ्या.

प्रश्न : लॉक नट जागचा हलत नाही. गॅस टॉर्चने तापवू का?

आच लावायची झाली तर बूट काढायच्या आधी ती नटावर, टाय रॉड एंडच्या बाजूला आणि क्षणभरच. रॅक एंडच्या बैठकीत प्लॅस्टिक असते आणि उष्णता टाय रॉडमधून तिकडे वाहते. त्याआधी दोन साधे उपाय करून पाहा. तेल मारून रात्रभर राहू द्या आणि सकाळी नटाच्या पैलूवर हातोड्याने हलके टोले मारत पाना लावा. तेही जमले नाही तर नट आधी थोडा आवळून मग सोडवा. गंजाचा थर पुष्कळदा उलट्या दिशेने लवकर तुटतो.

उघड्या तोंडाचा पाना घसरून पैलू गोल झाले की काम दुप्पट होते. नेमक्या मापाचा पाना घ्या. बऱ्याच गाड्यांत १९, २१ किंवा २२ मिलिमीटरचा लागतो. टाय रॉडवर पाना धरायला सपाट पैलू असतात, तिथेच धरा. पैलू सोडून गोल भागावर पाइप पाना लावून पिळलात तर दातांचे ओरखडे उठतात आणि बुटाचे लहान तोंड त्याच जागी घासते.

प्रश्न : कॅसल नट सोडवताना स्टडच फिरतो.

निमुळती पकड सुटली आहे. टाय रॉड एंडच्या खाली छोटा जॅक किंवा सी-क्लॅम्प लावून स्टड डोळ्यात वर दाबा आणि दाब ठेवून नट फिरवा. काही स्टडच्या टोकाला ॲलन कीचे भोक असते. तिथे की धरून नट सोडवा.

प्रश्न : दुकानात तीन प्रकार दाखवले : मूळ मापाचा, सगळ्या गाड्यांना चालणारा ताणाचा आणि टाय रॉड न काढता बसवायचा चिरलेला. कोणता घ्यावा?

मूळ मापाचा. चिरलेल्या बुटाची शिवण चिकटवून किंवा बारीक स्क्रूने जोडायची असते. टाय रॉड सोडवावा लागत नाही ही त्याची खरी सोय, पण रबराला ग्रीसचा पुसटसा हात लागला तरी गोंद धरत नाही. फाटलेल्या जागेसमोर आलेला रॅक एंड ग्रीसने माखलेलाच असतो. शिवण बहुतेक वेळा पहिल्यांदा घडीच्या टोकाला उघडते. गाडी आजच लांब न्यायची आहे आणि सुटा भाग मिळत नाही, इतक्याच अडचणीत तो घ्यावा.

सगळ्यांना चालणाऱ्या बुटाचे तोंड मापाप्रमाणे कापायचे असते. तो घ्यायचा झाला तर जुन्या बुटाची चार मापे काढून घ्या : हाउसिंगचा बाहेरचा व्यास, टाय रॉडच्या खाचेचा व्यास, पूर्ण ताणलेली लांबी आणि पूर्ण मिटलेली लांबी. शेवटचे माप लोक घेत नाहीत आणि तिथेच फसतात. बूट जाड किंवा लांब असेल तर टोकाला वळताना घड्या मिटायला जागा उरत नाही. मग तो फुगून चाकाच्या आतल्या बाजूला घासतो किंवा क्लॅम्पखालून निसटतो.

डावा आणि उजवा बूट एकच असेल असे गृहीत धरू नका. पिनियनच्या बाजूचे हाउसिंग बऱ्याच रॅकमध्ये जाड असते. दगड लागून एकच बूट फाटला असेल तर एकच बदला. वयाने तडकला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे. अलाइनमेंटचा खर्च एकदाच करायचा असेल तर जोडीने बदला.

प्रश्न : आत ग्रीस किती आणि कोणते भरू? बूट पूर्ण भरला तर जास्त टिकेल ना?

पूर्ण भरू नका. बुटाच्या आतली हवा रॅक सरकला की दुसऱ्या बाजूच्या बुटात जायला हवी. ग्रीस कोंबले तर ते घड्यांत दाबले जाते, श्वासाची वाट बुजते आणि बूट ताणून फाटतो. पॉवर स्टिअरिंगच्या रॅकमध्ये रॅक एंडवर आणि उघड्या दांड्यावर पातळ थर पुरे. दोन्ही मिळून ५ ते १० ग्रॅम. मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल तर लिथियमचे चालते. बिनपॉवरच्या रॅकच्या दातांना जास्त लागते, त्याचे वजन मॅन्युअलमध्ये असते. रबरावर सिलिकॉन ग्रीस वापरा, पेट्रोलियम जेली नको. काही जातीचे रबर तिने फुगते.

प्रश्न : नवा बूट बसवल्यावर स्टिअरिंग फिरवले की एका बाजूचा आत ओढला जातो, घड्या चपट्या होतात.

हवेची वाट बंद आहे. श्वासाची नळी असेल तर ती बुटाच्या भोकापासून सरकली आहे, वाकली आहे किंवा ग्रीसने बुजली आहे. काही रॅकमध्ये हवा हाउसिंगमधूनच जाते. तिथे जास्तीचे ग्रीस हेच बहुधा कारण असते. क्लॅम्प सैल करून जोडणी सरळ करा. बूट तसाच चालू ठेवलात तर चपटी घडी रॅक एंड आणि हाउसिंगमध्ये चिमटून कापली जाते.

प्रश्न : अलाइनमेंट करून आलो आणि आठवड्यात नव्या बुटाला पीळ पडलेला दिसला. बूट खराब निघाला का?

बूट ठीक असावा. टो जुळवताना टाय रॉड फिरवतात. लहान तोंडाची क्लिप आधी सैल केली नाही तर रॉडबरोबर बुटाचे टोकही फिरते, मोठे तोंड मात्र क्लॅम्पमध्ये घट्टच राहते. बुटाला स्क्रूसारखा पीळ पडतो. पिळलेल्या बुटाच्या घड्या सरकताना एकमेकींवर घासतात, रबर कुरकुरते आणि काही दिवसांनी घडीच्या तळाशी तिरकी भेग उघडते.

क्लिप सरकवा, लहान तोंड बोटाने सुटे करून पीळ उलगडा, तोंडाखाली सिलिकॉन ग्रीसचा हात द्या आणि क्लिप परत लावा. याला दोन मिनिटे लागतात. पुढच्या वेळी अलाइनमेंट करणाऱ्याला आधीच सांगा : ‘क्लिप सोडा, मग रॉड फिरवा, झाल्यावर पीळ बघा.’ तंतोतंत जुळवलेल्या टोबरोबर पिळलेला बूट घेऊन बाहेर पडणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

प्रश्न : बूट बदलला, पण खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये खट-खट आहेच. दोष कुठे शोधू?

गाडी जमिनीवर, इंजिन बंद. सोबत्याला स्टिअरिंग मध्याच्या आजूबाजूला थोडे थोडे, झटक्याने हलवायला सांगा. तुम्ही आधी टाय रॉड एंडवर हात ठेवा, मग बूट हलकेच मुठीत धरा. ज्या जागी टिचकी हाताला लागते तिथे झीज आहे. बुटातून टिचकी लागली तर रॅक एंड.

चाक उचलून ९ आणि ३ च्या जागी धरून हलवले तर टाय रॉडची बाजू कळते. १२ आणि ६ च्या जागी धरून हलले तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघा. रॅक एंड सोडवताना रॅकचा दांडा दुसऱ्या पान्याने धरावा लागतो, नाहीतर सगळा पीळ पिनियनच्या दातांवर जातो. वाकवून बसवायची लॉक वॉशर असेल तर ती नवी घ्या.

प्रश्न : गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. ऑइल नाही, सील नाही. मग बुटाची एवढी काळजी कशाला?

उलट जास्त हवी. मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर असेल तर रॅक साधाच असतो आणि ऑइल-सीलचे सोडून वरचे सगळे लागू पडते. मोटर थेट रॅकवर असेल तर आत बेल्ट, बॉल-स्क्रू आणि बेअरिंग असतात. बुटातून शिरलेले पाणी दांड्यावरून तिथपर्यंत सरकते आणि गंज बॉल-स्क्रूला लागतो. हाइड्रॉलिक रॅक निदान गळून सूचना देतो. इथे स्टिअरिंग जड होऊ लागते, अडखळते किंवा इशाऱ्याचा दिवा लागतो, तेव्हा रॅक दुरुस्तीपलीकडे गेलेला असतो. अशा रॅकच्या बुटाला मूळ क्लॅम्पच वापरा. काम करताना इग्निशन बंद ठेवा. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो का, हे मॅन्युअलमध्ये पाहा.

प्रश्न : क्लॅम्पऐवजी प्लॅस्टिकचा केबल टाय चालतो का?

लहान तोंडावर तात्पुरता चालतो. मोठ्या तोंडावर नाही. टायची पकड गोलाकार सारखी बसत नाही. डोक्यापाशी बारीक फट राहते आणि पाणी तिथूनच शिरते. उष्णतेने तो ठिसूळही होतो. लावलाच तर डोके वरच्या बाजूला ठेवा आणि शेपटी सपाट कापा. धारदार टोक राहिले तर ते शेजारच्या घडीत रुतते. स्क्रूचा होज क्लॅम्प मोठ्या तोंडावर चालतो, पण रॅक टोकाला गेल्यावर त्याचे डोके कशाला लागत नाही ना, ते बघूनच आवळा. रबर पट्ट्याच्या फटींतून वर यायला लागले की जास्त आवळला.